संगमरवरासारखं, पण संगमरवर नव्हे

सकाळची कामं उरकली असतील, नाहीतर रेडिओ शेजारी ठेवून भाकऱ्या चालू असतील. चालू द्या. आज मी बोलणार आहे ते तुमच्या समोरच्या ओट्याबद्दलच.

आमच्या बचत गटाने दोन वर्षांपूर्वी एक काम शिकून घेतलं. स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्यावर रंगाने संगमरवरासारख्या शिरा काढायच्या आणि वरून इपॉक्सीचा काचेसारखा थर ओतायचा. काम झालं की ओटा ओळखू येत नाही. बघणारी बाई आधी हात फिरवते, मग विचारते, "खरा आहे का गं?" आम्ही म्हणतो, "नाही, रंगाचा आहे." मग ती म्हणते, "म्हणजे खोटा."

हा 'खोटा' शब्द मला फार लागायचा. चार-चार दिवस गुडघ्यावर बसून केलेलं काम एका शब्दात खोटं. आमच्या गटातल्या एक वयस्क काकू तर म्हणाल्या, "पोरींनो, नकलेला किंमत नसते." तेव्हापासून मी या कामाचा इतिहास शोधायला लागले. ग्रंथालयातली पुस्तकं वाचली, जाणत्या लोकांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते. आणि शेवटी आमच्या हातून झालेली एक चूकही सांगते, कारण ती चूक झाली नसती तर हा इतिहास मला नीट कळला नसता.

सुरुवात आपल्या जवळून करू. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातल्या औरंगाबादला, बीबी का मकबरा आहे. गटाच्या सहलीत तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. औरंगजेब बादशहाची बेगम दिलरस बानो १६५७ साली वारली. तिची ही कबर. तिचा मुलगा आझमशहा याचं नाव या बांधकामाशी जोडलेलं आहे. १६६० च्या आसपास हा मकबरा उभा राहिला. लांबून पाहिला तर ताजमहालच वाटतो. लोक त्याला 'दख्खनचा ताज' म्हणतात आणि हसायचं असेल तर 'गरिबाचा ताज' म्हणतात.

पुढच्या वेळी गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. मुख्य इमारतीच्या भिंतींना खालच्या पट्ट्यापर्यंत खरा संगमरवर आहे. वरचा घुमटही संगमरवराचा आहे. पण मधला सगळा भाग? तो आपल्याच काळ्या दगडाचा आहे. ज्या दगडाचे आपले पाटे-वरवंटे आणि जाती होतात, तोच दगड. त्यावर चुन्याचा बारीक गिलावा दिला आहे आणि तो घोटून घोटून इतका गुळगुळीत केला आहे की नजर फसते. म्हणजे महाराष्ट्रातली एवढी मोठी, बादशाही घराण्याची इमारत. तिच्यातही अर्धं काम 'संगमरवरासारखं' आहे, संगमरवर नव्हे.

असं का केलं असेल? कारण दगड आणणं सोपं नव्हतं. चांगला पांढरा संगमरवर राजस्थानातल्या खाणींतून यायचा. ताजमहालाला लागला तो मकराण्याचा. तिथून दख्खनला यायचं म्हणजे शेकडो मैल बैलगाडीने. तावेर्निये नावाचा एक फ्रेंच व्यापारी त्या काळात सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघाला होता. वाटेत त्याला संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या दिसल्या, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला १२ बैल जुंपलेले होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आपल्यापैकी ज्यांच्या दावणीला एक बैलजोडी आहे त्यांनी हिशोब करून बघावा. ३०० गाड्या आणि गाडीला कमीत कमी १२ बैल म्हणजे ३,६०० बैल झाले. त्यांचा कडबा, त्यांचं पाणी, घाटात मोडणारी चाकं. दगडापेक्षा दगड आणण्याचाच खर्च मोठा.

गुलाम मुस्तफा यांच्या 'तारीखनामा' या ग्रंथात मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. ताजमहालाचा खर्च ३ कोटी २० लाख रुपये मानला जातो. म्हणजे ताजच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाएवढा पैसा हातात होता. त्या पैशात काम करणाऱ्यांनी काय केलं? जिथे माणसाचा हात लागतो, पाठ टेकते, तिथे खरा दगड वापरला. बाकी ठिकाणी चुना आणि मेहनत वापरली. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय, या दोघांची नावं मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर कोरलेली आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि ताजमहालाचा मुख्य वास्तुकार म्हणून नाव घेतलं जातं ते याच लाहोरीचं. बापाच्या हाताखाली भरपूर संगमरवर होता, लेकाच्या हाताखाली नव्हता. लेकाने त्याची लाज बाळगली नाही. नाव कोरून ठेवलं.

आता हा चुना संगमरवरासारखा कसा चमकतो, ते बघू. यातली सगळ्यात बारीक रीत राजस्थानात आजही जिवंत आहे. तिला आराईश म्हणतात. जयपूर, आमेर, शेखावाटीच्या हवेल्या इथे या भिंती बघायला मिळतात. कळीचा चुना पाण्यात विझवून महिनोन् महिने, कधी वर्षापेक्षा जास्त काळ भिजत ठेवतात. त्यात दही आणि गूळ घालतात, वरचेवर पाणी बदलतात. मग त्या लोण्यासारख्या चुन्यात संगमरवराची बारीक पूड मिसळतात. भिंतीवर एकावर एक पातळ थर देतात. शेवटचा थर ओला असतानाच अकीक दगडाने घासायला लागतात. घासतच राहतात. शेवटी खोबऱ्याच्या तेलाचा हात फिरवतात. भिंतीत आपलं तोंड दिसावं इतकी चकाकी येते.

दक्षिणेला मद्रासकडे हेच काम शिंपल्यांच्या चुन्याने करायचे. त्यात अंड्याचा पांढरा बलक, गूळ, दही, तूप घालायचे. १७८० साली विल्यम हॉजेस नावाचा इंग्रज चित्रकार मद्रासला उतरला. तिथल्या घरांच्या भिंतींना संगमरवराच्या तोडीची चकाकी येते, हे त्याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात नोंदवलं आहे. ते पुस्तक १७९३ साली छापलं गेलं.

मैत्रिणींनो, दही, गूळ, तूप, खोबरेल. हे सगळं आपल्या फळीवरचं सामान. आणि घोटण्याचं काम म्हणाल तर आपण ते नवीन शिकायला नको. माझी आजी सणाच्या आधी ओसरीची जमीन धोपटून घ्यायची, शेणाने सारवायची आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने कडा घोटून काढायची. तिची जमीन उन्हात चमकायची. तिला कोणी कारागीर म्हटलं नाही. पण आराईश करणाऱ्याच्या हाताची जी जाण, तीच तिच्या हाताला होती. थर पातळ हवा, आधीचा थर पुरता वाळायच्या आत पुढचं काम हवं आणि घोटताना घाई नको.

आता एक गंमत सांगते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला ती समजावून दिली. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी. जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाब सोसून चुनखडीचा संगमरवर होतो. आणि चुना कशाचा करतात? त्याच चुनखडीचा. भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो, पाण्यात विझवला की मऊ होतो आणि भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. रसायनशास्त्रात त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे मकबऱ्याची चुन्याची भिंत आणि खालची संगमरवराची फरशी एकाच पदार्थाची आहेत. एकीला डोंगराने घडवलं, दुसरीला माणसाने. आता यातली खोटी कोणती म्हणायची?

हे फक्त आपल्या देशात झालं का? नाही. जिथे मोठ्या खाणी आहेत त्या इटलीतसुद्धा हेच झालं. इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि ते राखेखाली गाडलं गेलं. पुढे खोदून काढलं तेव्हा भिंतीवरचे रंग तसेच निघाले. त्यातली काही जुनी घरं इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातली. त्या घरांच्या भिंतींवर गिलाव्याचे उठावदार चौकोन करून ते पिवळ्या, लाल, हिरव्या रंगीत दगडासारखे रंगवले आहेत. रंगीत दगड जहाजातून समुद्रापार यायचा, राजवाड्यात जायचा. मग शहरातल्या सावकारांनी आपल्या भिंतीवर त्याची नक्कल करून घेतली. आज अभ्यासक या कामाला पाँपेईच्या चित्रकलेची 'पहिली शैली' म्हणतात. दोन हजार वर्षांहून जुनी नक्कल, आणि जगभरातून लोक तिकीट काढून ती बघायला जातात.

त्याच इटलीत पुढे सतराव्या शतकात कार्पी नावाच्या गावाने तर यात नावच काढलं. तिथे ग्विदो फास्सी नावाचा कारागीर होऊन गेला. या कामाला स्काल्योला म्हणतात. जिप्सम भाजून दळायचं, त्यात सरस आणि रंग घालायचे आणि कणकेसारखा गोळा मळायचा. आपण चिरोटे करतो ना? रंगीत पोळ्या एकावर एक, मध्ये साटा, गुंडाळी करायची आणि काप काढायचे. कापल्यावर आत कशा रेघा दिसतात! तसंच काहीसं ते करायचे. वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबायचे आणि काप काढून खांबावर, टेबलावर बसवायचे. शिरा काढायला रंगात भिजवलेले रेशमाचे धागे त्या गोळ्यातून ओढून काढायचे. वाळलं की दगडाने घासायचे, तेल-मेण लावायचे. युरोपातल्या कितीतरी चर्चमधले आणि महालांमधले खांब असे आहेत. ते ओळखायची एक सोपी खूण आहे. खऱ्या संगमरवराला हात लावला की गार लागतो. स्काल्योला तेवढं गार लागत नाही.

मग इंग्लंडमध्ये ही कला ब्रशवर आली. १८१९ साली जन्मलेला थॉमस केरशॉ हा लँकेशायरमधला घरं रंगवणारा रंगारी. लाकडावर आणि भिंतीवर संगमरवर रंगवण्यात त्याचा हात असा बसला होता की लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, १८५५ ला पॅरिसच्या प्रदर्शनातही मिळालं. त्याने रंगवलेल्या फळ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. त्या काळच्या या रंगाऱ्यांचं एक हत्यार तुम्हाला ओळखीचं वाटेल. पक्ष्याचं पीस. ब्रशने काढलेली शीर ठोकळेबाज येते. पीस हातात सैल धरून, थरथरत ओढलं की शीर कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक येते. आम्हीसुद्धा पिसानेच शिरा काढतो. आमच्याकडे कोंबडीचं पीस असतं, एवढाच फरक.

आता आपण विसाव्या शतकात येऊ, म्हणजे ओट्याच्या अगदी जवळ. १९१३ साली अमेरिकेत फॉर्मायका नावाची कंपनी निघाली. कागदाच्या थरांवर रसायन चढवून दाबलेला कडक पत्रा ते करायचे. पुढे त्या कागदावर लाकडाची, संगमरवराची चित्रं छापायला लागले. आपल्याकडे तोच प्रकार 'सनमायका' म्हणून घराघरात आला. आणि १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां नावाचा रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळीसाठी घट्ट होणारा पदार्थ शोधत होता. त्यातून निघालं ते इपॉक्सी रेझिन. कवळीला ते फारसं चाललं नाही, पण चिकटवायला एक नंबर निघालं. १९४६ साली ते अराल्डाइट या नावाने बाजारात दाखवलं गेलं. दोन नळ्या, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर, मिसळलं की घट्ट. तुटलेली कपबशी जोडायला आपण वापरतो तेच. आज ओट्यावर ओततात तो पदार्थ त्याचाच भाऊबंद.

बघा, मैत्रिणींनो, बेगमेच्या मकबऱ्यापासून दाताच्या कवळीपर्यंत फिरून ही गोष्ट आपल्या ओट्यावर आली. आपल्या आज्यांना ओटा नव्हताच. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, सगळा स्वयंपाक उकिडवं बसून. गॅस आला तसा ओटा आला, आणि ओट्यावर आला कडप्पा. आंध्रातल्या कडप्पा भागातला काळा दगड, म्हणून नाव कडप्पा. स्वस्त आणि टिकाऊ. पण वीस वर्षं तेल, हळद, चिंच खाऊन तो कळकट दिसायला लागतो. नवा ग्रॅनाइट बसवायचा तर जुना फोडा, गवंडी बोलवा, आठवडाभर चूल बंद. म्हणून बायका आम्हाला बोलावतात.

काम कसं करतो ते थोडक्यात सांगते. पहिला दिवस निव्वळ धुण्याचा. साबण, सोडा, गरम पाणी. फोडणीचं तेल दगडात मुरलेलं असतं, ते निघालं नाही तर वरचं सगळं सुटून येतं. मग पॉलिशपेपरने घासणं, भेगा भरणं, पूर्ण वाळवणं. दुसऱ्या दिवशी प्रायमर आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात. तिसऱ्या दिवशी शिरा. करड्या रंगात पाणी घालून पातळ करायचं आणि पिसाने एका दिशेने तिरपं ओढायचं. शिरा नदीसारख्या असतात. मोठीला लहान येऊन मिळते, पण दोन शिरा एकमेकींना फुलीसारख्या छेदत नाहीत. डोंगराच्या पोटात दगड दाबला गेला त्या दिशेनेच मातीचे, लोहाचे पट्टे ओढले गेले, म्हणून खऱ्या शिरांना एक ओढ असते. रेघ ओली असतानाच कोरड्या मऊ ब्रशने हलका हात फिरवला की ती आत बुडाल्यासारखी दिसते. थोडं काढायचं आणि थांबायचं. जास्त शिरा काढल्या की संगमरवर जातो आणि झेब्रा होतो.

चौथ्या दिवशी इपॉक्सी. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या मापानेच घ्यायचे, दोन सारख्या पेल्यांत मोजून. इथे अंदाजपंचे चालत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, हार्डनर कमी पडला तर ओटा जन्मभर चिकट राहतो. तळ आणि कडा खरवडत सावकाश ढवळायचं, ओतायचं, पसरायचं, वर आलेले बुडबुडे गरम हवेने फोडायचे. पावसाळ्यात हे काम आम्ही घेतच नाही, दमट हवेत वर पांढुरकी चिकट साय येते. एक दिवसात थर हाताला कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला आठवडा जातो.

आता ती चूक.

पहिल्याच वर्षी एका लग्नघरचं काम आलं. काम छान झालं. घरच्या वहिनी खूश झाल्या, पण हळूच म्हणाल्या, "पाहुण्यांना सांगू नका हं रंगाचा आहे म्हणून. संगमरवर बसवला म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना." आम्हालाही बरं वाटलं. आपलं काम खऱ्यासारखं वाटतंय, याहून मोठी शाबासकी कोणती? आम्ही गप्प बसलो. ओटा कसा वापरायचा तेही कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बिंग फुटलं असतं.

हळदीच्या दिवशी स्वयंपाकाला भाऊबंदांतल्या बायका आल्या. त्यातल्या एका आत्याबाईंनी भज्यांची कढई चुलीवरून उचलली आणि सरळ ओट्यावर ठेवली. दगड आहे, दगडाला काय होतंय? इपॉक्सीचे साधे प्रकार ५० ते ६५ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतात. उकळतं पाणी १०० अंश, आणि तळणीचं तेल त्याहूनही फार पुढे. कढई उचलली तर थर तिच्या बुडाला चिकटून आला. मधोमध ताटाएवढा काळा गोल. बिचाऱ्या आत्याबाई भरल्या घरात रडकुंडीला आल्या. सगळ्या म्हणायला लागल्या, "हिने मोडलं." वहिनींना तोंड उघडता येईना. आणि आम्ही चौघी तिथेच होतो, आम्हालाही येईना.

संध्याकाळी मी आत्याबाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुमची चूक नाही. तो दगड नव्हताच. आम्ही सांगायला हवं होतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, मग आधी बोलली असतीस तर मी खाली फडकं घेतलं असतं. एवढीच तर गोष्ट होती."

एवढीच तर गोष्ट होती. तो ओटा आम्ही गटाच्या पैशाने परत करून दिला. त्या महिन्यात आमच्यापैकी कोणालाच मजुरी मिळाली नाही. आणि त्याच घाईच्या कामात माझ्या जाऊबाईंनी हातमोजे न घालता रेझिनमध्ये हात घातला. त्यांच्या हातावर पुरळ उठलं, खाज, सूज. डॉक्टरांनी सांगितलं, एकदा अंगाने हे घेतलं नाही की मग थोड्या वासानेही परत उठू शकतं. तेव्हापासून जाऊबाई फक्त शिरा काढतात, आणि इपॉक्सीचा डबा उघडायच्या आत घरी जातात. आमच्यातला सगळ्यात चांगला हात त्यांचा आहे, पण शेवटचा थर ओतताना त्या बघू शकत नाहीत. म्हणून सांगते, ज्यांना हे काम शिकायचं असेल त्यांनी नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि उघड्या खिडक्या यावाचून डब्याला हात लावू नका. पेल्यात उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका. जाड गोळा राहिला तर तो आपोआप तापतो, धूर येतो. बाहेर मोकळ्या जागी घट्ट होऊ द्या.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. नक्कल म्हणजे खोटं का? इतिहासातल्या कारागिरांनी दगडाची नक्कल केली कारण दगड परवडत नव्हता, किंवा इतका जड होता की आणता येत नव्हता. मकबऱ्याच्या कारागिरांनी जिथे हात लागतो तिथे दगड दिला आणि जिथे चुना टिकतो तिथे चुना दिला. आपला पदार्थ कुठे टिकतो आणि कुठे नाही, हे त्यांना माहीत होतं आणि त्याप्रमाणे त्यांनी काम केलं. आमच्या हातून रंग आणि इपॉक्सी नीट झालं होतं. खोटं होतं ते आमचं गप्प बसणं. त्याची शिक्षा आम्हाला झाली ती ठीक, पण आधी ती त्या आत्याबाईंना झाली.

शिवाय खरा संगमरवर स्वयंपाकघरात फार सुखाचा आहे असंही नाही. तो चुनखडीचाच, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं आणि राहिलं की त्याची चकाकी जाते आणि पांढरट डाग पडतो. आमच्या इपॉक्सीला लिंबू काही करत नाही, पण गरम कढई चालत नाही. ग्रॅनाइटला दोन्ही चालतं, पण पैसा लागतो. प्रत्येकाचं एक दुखणं असतं. ते ओळखून वागलं की तो टिकतो.

म्हणून आता आम्ही प्रत्येक कामाच्या शेवटच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायकांना ओट्यापाशी बोलावतो. सासूबाई, सुना, शाळेत जाणाऱ्या मुली, भांड्याला येणाऱ्या मावशी, सगळ्या. आणि स्पष्ट सांगतो. हा संगमरवर नाही. खाली तुमचाच जुना कडप्पा आहे, त्यावर रंग आहे, त्यावर इपॉक्सी. गरम भांडं थेट ठेवायचं नाही. भाजी पाटावर चिरायची, पीठ परातीत मळायचं. कडक उन्हात येणारा भाग काही वर्षांनी पिवळसर पडेल. चरे पडले तर आम्हाला बोलवा, वरून पातळ थर देता येतो. सांगून झालं की जुन्या लुगड्याच्या दोन जाड चुंबळी ओट्यावर ठेवतो. त्या जाऊबाई वळतात. एक कढईसाठी, एक कुकरसाठी.

त्या वयस्क काकूंनी गेल्या दिवाळीला स्वतःच्या ओट्याचं काम आम्हाला दिलं. परवा त्यांच्याकडे गेले होते. शेजारीण आली, ओट्यावर हात फिरवून तिने विचारलं, "खरा आहे का?" काकू म्हणाल्या, "नाही गं, आमच्या गटातल्या पोरींनी केलाय." आणि चहाचं गरम भांडं त्यांनी चुंबळीवर ठेवलं.

बरं, तुमच्या भाकऱ्या झाल्या असतील. आज इथेच थांबते. नमस्कार.